धूळपाटी
१९७८ साली औरंगाबादच्या जुन्या शहरात, माडीवरच्या एका खोलीत मी बालवाडी सुरू केली. सामानात पहिली आली ती खाम नदीची वाळू. दोनदा चाळली, पत्र्याच्या ताटात पसरली. पोरांनी बोटानं रेघा ओढायला घेतल्या तशी माझी आजी म्हणाली, "अगं, ही तर धूळपाटी!"

तिचे वडील खेड्यात पंतोजींकडे शिकलेले. निजामाच्या राज्यात सरकारी शाळा उर्दूची, मराठी अक्षर गिरवायचं ते पंतोजींच्या ओसरीवर. फळीवर धूळ पसरायची, बोटानं 'श्री' काढायचा, चुकला तर फळी हलवायची. पाटी-लेखणीचा मान त्यानंतर. पण पंतोजींचं लक्ष अक्षरावर. बोट चुकलं की छडी.

माँटेसोरीबाईंनी १९०७ साली रोममध्ये बालगृह काढलं आणि आधी हाताकडे पाहिलं. खरखरीत कागदाची अक्षरं चाचपायला, लाकडी चौकटीवरच्या गुंड्या लावायला-काढायला. साधनं सुबक, पण महाग. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांकडे ही पद्धत शिकल्या. १९४५ साली ताराबाईंनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम मांडलं, अनुताई वाघ सोबतीला आल्या, आणि बिया, शिंपले, पानं, माती हीच साधनं झाली. माझ्यासारखीला परवडणारी माँटेसोरी ती हीच.

मग मीही जुन्या सदऱ्यांच्या गुंड्यांच्या पट्ट्या कापून फळीला ठोकल्या. चिंचोके चिमटीनं उचलून अरुंद तोंडाच्या बाटलीत टाकायचे. आजी कापसाच्या फुलवाती वळायला बसवायची. दुधाचं बोट लावून टोकाला पीळ द्यायचा. अर्ध्या वाती भिजून लोळागोळा व्हायच्या, त्याही ती देवापुढे लावायची.

पालक मात्र कुरकुरायचे. "बाई, नुसता खेळच चाललाय. ए-बी-सी-डी कधी?" जूनमध्ये आलेल्या पोराच्या हाती ऑगस्टमध्ये पेन्सिल हवी! अशी पोरं पेन्सिल मुठीत खुंटीसारखी धरायची आणि कागद फाटायचा. दोघांना मी आईबापांच्या हट्टापायी लवकर पेन्सिल दिली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

हिमरू विणणाऱ्या घरातला एक चार वर्षांचा मुलगा होता. मणी ओवायला दिले तर दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं करी, अंगठा नि तर्जनीत एक पीळ देई आणि मणी अडकू देत नसे. कुणी शिकवलं? "दादा करतात, धागा तुटला की." त्याच्या हाती पेन्सिल दिली तेव्हा त्यानं आधी तिचंही टोक ओठांना लावलं.