दाढ काढायची की वाचवायची? घोळ शंभर वर्षांचा आहे

माझ्या आजीच्या तोंडात साठीच्या आतच एकही दात नव्हता. "ठणकली की काढून टाकायची, जीव सुटतो," म्हणायची. आपण याला अडाणीपणा म्हणतो. पण मंडळी, एकेकाळी शिकलेसवरलेले डॉक्टरही हेच सांगत होते.

१९१० मध्ये विल्यम हंटर या ब्रिटिश डॉक्टरानं मॉन्ट्रियलला भाषण केलं. किडक्या मुळांवर सोन्याच्या टोप्या बसवायच्या आणि आतला पू तसाच ठेवायचा, त्यातून अंगभर रोग पसरतो, असं त्याचं म्हणणं. तक्रार खोटी नव्हती, त्या काळचं काम बऱ्याचदा घाणेरडंच असायचं. पण अर्थ निघाला भलताच. सांधे दुखतायत? दात काढा. पोट बिघडलंय? दात काढा! पुढची दोन-तीन दशकं इंग्लंड-अमेरिकेत वाचण्याजोगे असंख्य दात उपटले गेले. पुढच्या संशोधनात हा सिद्धांत टिकला नाही. १९६३ साली अमेरिकेत एन्डोडॉन्टिक्स, म्हणजे दाताच्या आतल्या नसेवर उपचार करणारी शाखा, स्वतंत्र मानली गेली.

गंमत म्हणजे दात वाचवायचं सामान आधीपासूनच हाताशी होतं. १८७० मध्ये मुंबई समुद्राखालच्या तारेनं इंग्लंडशी जोडली गेली, त्या तारेवर मलायातल्या झाडांच्या चिकाचं, गटापर्चाचं, वेष्टण होतं. त्याच काळात दंतवैद्य तो चीक दाताच्या मुळात भरू लागले होते. आजही नस काढून, मूळ साफ करून शेवटी जी गुलाबी काडी भरतात ती गटापर्चाचीच (त्यात झिंक ऑक्साइड बरंच असतं). १८९५ ला एक्स-रेचा शोध लागला, मग मूळ किती लांब, कुठं वळलंय ते दिसायला लागलं.

आपल्याकडं दंतवैद्य कुणाला म्हणायचं, याचा देशभराचा कायदाच १९४८ मध्ये झाला. आणि आज? राज्याचं आरोग्य विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशकात, म्हसरूळला. पंचवटीत दंत महाविद्यालय. बीडीएसनंतर तीन वर्षं घालून याच विषयात एमडीएस होता येतं.

तरी दाढा निघतायतच. कारण साधं आहे. काढणं एका बैठकीत आणि स्वस्तात होतं. रूट कॅनालला बऱ्याचदा दोन-तीन खेपा, वर कॅपचा खर्च वेगळा. ऑक्टोबरच्या द्राक्ष छाटणीत दिंडोरी-निफाडच्या मजुराला तीन खेपा म्हणजे तीन खाडे. तो काय निवडणार, सांगा.

दंत महाविद्यालयांत शिकणारे डॉक्टर वरिष्ठांच्या देखरेखीखाली हे काम सहसा कमी खर्चात करतात, हे घरच्यांना सांगून ठेवा. आणि तुमच्या जवळच्या सरकारी दवाखान्यात दाताचे डॉक्टर आहेत का? असले तर रूट कॅनाल करतात की फक्त काढतात? गावाचं नाव टाकून खाली लिहा.