थ्रेड : समुद्रातील मासे मोजायचे कसे?

बार्शीटाकळीहून समुद्र चारशे किलोमीटरांहून अधिक दूर. तरीही वऱ्हाडच्या आठवडी बाजारांत सुके बोंबील येतात. कोकण किनाऱ्यावर डोल जाळ्यात धरलेले, बांबूंवर टांगून वाळवलेले. किती मासे काढले ते बंदरावर मोजता येते. मागे किती उरले, हे मात्र कोणाला दिसत नाही. मासेमारीच्या परिणामांचा सगळा इतिहास या अडचणीभोवती फिरतो.

१८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात टॉमस हक्सली यांनी मोठी सागरी मासेमारी बहुधा अक्षय आहे, असे मत मांडले. त्यांच्यासमोर तत्कालीन साधने होती, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवे. यांत्रिक बोटींचा पसारा पुढचा.

खरा प्रयोग घडवला तो पहिल्या महायुद्धाने. एड्रिॲटिक समुद्रातील मासेमारी जवळपास थांबली. पुढे उंबेर्तो द'आंकोना यांनी तेथील मासळीबाजारांच्या नोंदी चाळल्या. फ्यूमे बंदरात शार्क, पाकट अशा भक्षक माशांचे प्रमाण १९१४ मध्ये सुमारे १२ टक्के होते. १९१८ मध्ये ते सुमारे ३६ टक्क्यांवर गेले. जाळी थांबताच भक्षकांचे का फावले, याची गणिती मांडणी व्हितो वोल्तेरा यांनी १९२६ मध्ये केली. अर्थात बाजाराची वही म्हणजे समुद्र नव्हे. युद्धकाळात कोणता मासा विकायला आणला गेला, हेही त्या आकड्यांत मिसळलेले असणारच. बखर वाचताना आपण जी सावधगिरी बाळगतो, तीच इथे हवी.

भारतात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था १९४७ मध्ये स्थापन झाली. तिचे कर्मचारी निवडक बंदरांवर, निवडक दिवशी, काही बोटींची मासळी नोंदवतात आणि त्यावरून एकूण अंदाज बांधतात. या संस्थेच्या नोंदींनुसार महाराष्ट्राची मासळी २०१८ मध्ये २.९५ लाख टन होती, ती २०१९ मध्ये २.०१ लाख टनांवर आली. ४५ वर्षांतील नीचांक! पण त्याच वर्षी ‘क्यार’ आणि ‘महा’ या वादळांनी बोटी बंदरात अडकवल्या होत्या. म्हणजे मासे घटले की समुद्रात जाण्याचे दिवस? म्हणूनच नुसते टन पुरेसे नाहीत. बोट किती तास समुद्रात होती, जाळे कोणते होते, मासा किती लांबीचा होता, हेही लिहावे लागते. इंजिन वाढले, बोटी दूर गेल्या, तर एकूण आकडा टिकून राहतो आणि जवळचे पाणी रिकामे होत असल्याचे लपते. लहान होडीच्या कोळ्याला ते आधी कळते. त्याच्या अनुभवाची नोंद मात्र या वह्यांत क्वचितच सापडते.

२०१६ मध्ये राज्याने पर्ससीन जाळ्यांवर निर्बंध घातले. २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान लांबी ठरली. पापलेटसाठी १३५ मिलिमीटर. ही पट्टी लागते बंदरावर, आणि तोवर आखूड भरणारे पापलेट मेलेले असते. त्याला पाण्यातच निसटू द्यायचे, तर मोजायचा तो जाळ्याचा आस.