सरांची नोकरी इथं, मॅडमची कुठं?

आजचा प्रश्न असा: कॉलेजनं किंवा विद्यापीठानं एखाद्या नव्या प्राध्यापकाला नेमलं, आणि त्याची बायकोही तितकीच शिकलेली असली, तर तिलाही नोकरी द्यावी का? अमेरिकेत काही विद्यापीठं अशी नोकरी देतात. तुम्ही म्हणाल, साक्रीला त्याचं काय? पण साक्रीत नाही तर पिंपळनेरला भाड्यानं राहणाऱ्या एखाद्या सरांच्या घरी विचारून बघा. मॅडम एमएस्सी, बीएड असतात आणि घरी बसलेल्या असतात. नाही तर त्या लांब कुठं नोकरीला, मुलं आजीकडं, आणि सर दर शनिवारी एसटीच्या रांगेत.

अनुकंपा हा शब्द आपल्या गावागावात ठाऊक आहे. नवरा नोकरीत असताना वारला तर बायकोला नोकरीसाठी अर्ज करता येतो. जिवंत नवऱ्याची नोकरी गाव बदलते आणि त्यापायी बायकोची सुटते, त्याला मात्र आपल्याकडं नाव नाही. परदेशातही वेगळं नव्हतं. मेरी क्युरी यांना १९०३ साली नवऱ्याबरोबर नोबेल मिळालं, तरी पॅरिसच्या विद्यापीठात शिकवण्याची जागा मिळाली ती १९०६ मध्ये, पिएर क्युरी रस्त्यावरच्या अपघातात गेल्यावर. तीही त्यांचीच रिकामी झालेली.

आता आपल्या महाराष्ट्राकडं येऊ. इरावती कर्वे १९०५ साली ब्रह्मदेशात जन्मल्या, पुण्यात शिकल्या. नवरा दिनकर कर्वे, फर्ग्युसन कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणारे. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे, ज्यांनी १९१६ साली बायकांसाठी विद्यापीठ काढलं. एवढं मोठं घर, तरी सुनेनं शिकायला जर्मनीला जावं हे सासऱ्यांना पटलं नव्हतं. नवरा ठाम राहिला. जीवराज मेहता यांच्याकडून पैसे उसने घेतले आणि १९२८ मध्ये इरावतीबाई बर्लिनला गेल्या. दोन वर्षांत मानवशास्त्रात डॉक्टरेट घेऊन परतल्या.

आणि मग? १९३१ ते १९३६ त्यांनी सासऱ्यांच्याच महिला विद्यापीठात कुलसचिवाचं काम केलं. सुनेला घरचीच नोकरी, असं कुणी म्हणेल. म्हणणाऱ्यानं हेही बघावं की कर्ज काढून मानवशास्त्र शिकून आलेली बाई मुख्यतः कचेरीचा कारभार बघत होती. पुण्याचं डेक्कन कॉलेज १९३४ मध्ये बंद पडलं होतं. ते १९३९ साली संशोधनाची संस्था म्हणून पुन्हा उघडलं, तेव्हा कुठं इरावतीबाईंना त्यांच्या विषयाची जागा मिळाली. पुढचं त्यांचं सगळं मोठं काम तिथून झालं. गावोगाव हिंडून माणसांची मापं घेणं, कुटुंब आणि नातीगोती यांचा अभ्यास. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावतीबाई त्याच.

दुसऱ्या कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. १९३३ साली बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी त्यांना प्रवेश नाकारला, कारण त्या बाई होत्या. त्या हटल्या नाहीत आणि अखेर अटी घालून का होईना, प्रवेश मिळाला. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेट झाली. पुढं कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत चांगल्या पदावर होत्या. १९४७ मध्ये लग्न झालं, नवरा मुंबईत, म्हणून त्या मुंबईला आल्या. तिथल्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्राचा नवा विभाग निघत होता. त्यांनी अर्ज केला, निवडल्या गेल्या. नीरेतल्या पोषणद्रव्यांवर काम केलं आणि पुढं त्याच संस्थेच्या संचालक झाल्या.

दोघींची हुशारी आणि जिद्द मोठीच. पण आम्हाला एक विचारावंसं वाटतं: एकीच्या नवऱ्याचं गाव पुणे होतं, दुसरीच्या नवऱ्याचं मुंबई. साक्री असतं तर?

अमेरिकेत मोठं शहरसुद्धा कामी आलं नाही अशी बाई होऊन गेली. मारिया मायर. नवऱ्याला १९३० साली बाल्टिमोरच्या विद्यापीठात नोकरी लागली. एकाच घरातल्या दोघांना ठेवायचं नाही, हा तिथला नियम. वशिलेबाजी थांबावी म्हणून केलेला, पण मार बसला तो बायकांना. पुढं शिकागोच्या विद्यापीठात त्या बिनपगारी प्राध्यापक होत्या! पूर्ण पगाराची प्राध्यापकी १९६० साली सॅन दिएगोला मिळाली, नवऱ्यालाही तिथंच. तीन वर्षांत त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि ते शिकागोत केलेल्या कामासाठी.

आपल्याकडं सरकारी नोकरदार नवरा-बायकोला शक्यतो एका ठिकाणी ठेवावं, असं केंद्र सरकारनं १९८६ मध्ये सांगितलं. राज्याच्या २०१७ च्या धोरणात जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना पती-पत्नी एकत्रीकरण आलं. दोघांच्या नोकरीच्या गावांत तीस किलोमीटरहून जास्त अंतर असेल तर बदलीत प्राधान्य. कॉलेजच्या मॅडमना हे नाही. जळगावचं विद्यापीठ १९९० साली झालं, धुळं-नंदुरबारची कॉलेजंही त्याच्याकडं. पण खाजगी कॉलेजातली नेमणूक संस्था करते. एका संस्थेतून दुसरीत बदली मागायची कुणाकडं?

तरीही, बायको आहे म्हणून नोकरी द्या, असं आम्ही म्हणणार नाही. आपल्याच पाड्यावरची, सेट-नेट झालेली मुलगी तासिका तत्त्वावर, तासाच्या पैशांवर कॉलेजात राबते आहे. ती जागा जाहिरात न देता कुणाच्या बायकोला दिली, तर एका बाईचं घेऊन दुसरीला दिल्यासारखं होईल. जागा उघड निघावी, आरक्षण पाळलं जावं, मॅडमनी स्वतःच्या पदवीवर अर्ज करावा. आणि आधीच निवडून नोकरीत असलेल्या मॅडमना संस्था बदलायची वाट विद्यापीठानं आणि सरकारनं काढावी. झेडपीच्या शिक्षकांसाठी निघाली, मग इथं का निघू नये?

आणखी एक. आपण सगळीकडं ‘बायको’ म्हणालो. पण नोकरी मॅडमना लागते आणि गाव बदलायचं नवऱ्यानं, असंही असतंच की. तुमच्या गावच्या शाळेत, दवाखान्यात, बँकेत बाहेरून आलेल्या बाया किती, त्यातल्या कितींचे नवरे आपली नोकरी सोडून मागं आले, हे गटाच्या पुढच्या बैठकीपर्यंत मोजून ठेवा. आकडा रेडिओवर आम्हाला कळवा.