कर्क्युमिन आणि हिरड्यांचा दाह : परंपरा व पुरावा

हळद ही भारतीय औषधीपरंपरेतील एक महत्त्वाची वनस्पती होय. चरकसंहितेत हरिद्रेचा समावेश कुष्ठघ्न व लेखनीय द्रव्यांत केलेला आहे. सुश्रुतसंहितेत शीताद, उपकुश आदी हिरड्यांच्या रोगांचे वर्णन आढळते. मात्र हळदीतील एकच घटक वेगळा काढून त्याद्वारे हिरड्यांचा दाह शमविणे ही कल्पना आधुनिक आहे. तिच्या जडणघडणीचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

1815 मध्ये व्होगेल व पेलेतिये यांनी हळदीतील पिवळे द्रव्य, म्हणजेच कर्क्युमिन, वेगळे केले. त्याची रासायनिक संरचना 1910 मध्ये मांडली गेली. 1949 मध्ये त्याच्या जंतुरोधक गुणाची नोंद ‘नेचर’ या नियतकालिकात झाली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतील श्रीमल व धवन यांनी 1973 मध्ये त्याच्या दाहशामक गुणाचे प्रायोगिक निष्कर्ष प्रसिद्ध केले. पुढे 1986 मध्ये आर. आर. सातोस्कर व सहकाऱ्यांनी शस्त्रक्रियेनंतरच्या दाहावरील मानवी चाचणी प्रसिद्ध केली.

सर्वसामान्यांच्या स्मरणात मात्र राहिला तो पेटंटचा वाद. जखमा भरून येण्यासाठी हळद वापरण्याचे अमेरिकी पेटंट मार्च 1995 मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला मिळाले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने प्राचीन ग्रंथ व 1953 मधील एका शोधनिबंधासह लेखी पुरावे सादर केले आणि 1997 मध्ये पेटंटमधील दावे फेटाळले गेले. या निकालाने हा उपयोग नवा नाही, एवढेच सिद्ध झाले. तो कितपत गुणकारी आहे, हा प्रश्न तेथे निर्णयासाठी नव्हताच. ज्ञानाचे प्राचीनत्व आणि उपचाराची परिणामकारकता या दोन भिन्न बाबी आहेत. त्यांची गल्लत रुग्णाला महाग पडू शकते.

हिरड्यांच्या विकाराचे मूळ दातांवर साचणाऱ्या जंतूंच्या थरात असते. दाह खोलवर गेल्यास दाताला आधार देणारे हाड झिजते. कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही आणि पोटात घेतल्यास रक्तात फारच अल्प प्रमाणात पोहोचते. म्हणूनच दंतवैद्यकात ते जेल किंवा गुळण्यांचे द्रावण या रूपांत थेट हिरड्यांवर वापरून पाहिले गेले. पुण्यातील संशोधकांनी 2011 मध्ये 100 व्यक्तींवरील अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात हळदीच्या द्रावणाने हिरड्यांचा दाह कमी झाला. परंतु दातांवरील थर रोखण्यात क्लोरहेक्सिडीन अधिक प्रभावी ठरले. अर्थात क्लोरहेक्सिडीनच्या दीर्घ वापराने दातांवर डाग पडतात, हेही ध्यानात घ्यावयास हवे. 2017 मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या एका विस्तृत समीक्षेने कर्क्युमिनच्या अस्थिरतेवर आणि प्रयोगशाळेतील चाचण्यांत त्यामुळे मिळणाऱ्या फसव्या निष्कर्षांवर बोट ठेवले.

सारांश, दातांची व मुळांची स्वच्छता हाच या उपचाराचा पाया असून कर्क्युमिनचे स्थान तूर्त पूरक आहे. पूर्वजांच्या निरीक्षणाचा खरा सन्मान त्याची काटेकोर परीक्षा करण्यातच आहे.