शिवाजी गणेशन
(१ ऑक्टोबर १९२८ – २१ जुलै २००१). तमिळ चित्रपट-अभिनेते व राजकारणी. मूळ नाव व्ही. सी. गणेशन. १९४०च्या दशकात द्रविड चळवळीतील नेते अण्णादुराई यांच्या नाटकात त्यांनी छत्रपती शिवाजी महाराजांची भूमिका केली. ती पाहून त्याच चळवळीचे अग्रणी पेरियार यांनी त्यांना ‘शिवाजी’ म्हटले आणि ते नाव कायमचे जडले. करुणानिधींनी लिहिलेल्या पराशक्ती (१९५२) या चित्रपटामुळे ते एकदम प्रकाशात आले. वीरपांडिय कट्टबोम्मन (१९५९) मधील भूमिकेसाठी कैरोच्या आफ्रो-आशियाई महोत्सवात त्यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. घनगंभीर, किंचित नाटकी संवादफेक ही त्यांची खरी दौलत.

राजकारणात मात्र पाय स्थिरावला नाही. द्रविड चळवळीतून ते तमिळनाडूतील नेते कामराज यांच्या काँग्रेसकडे वळले. १९८२ ते १९८६ या काळात ते दिल्लीत राज्यसभेचे सदस्य होते. १९८४मध्ये पद्मभूषण मिळाले. काँग्रेस सोडून १९८८मध्ये त्यांनी स्वतःचा पक्ष काढला. पुढच्याच वर्षी तंजावरच्या मराठी राजांच्या जुन्या मुलखातील तिरुवैयारू येथे विधानसभा निवडणुकीत ते स्वतः पराभूत झाले. समकालीन अभिनेते एम. जी. रामचंद्रन (एमजीआर) पडद्यावरून तमिळनाडूच्या मुख्यमंत्रिपदी पोहोचले. अभिनयात सरस असलेल्या गणेशन यांना ती किमया साधली नाही. पुढे त्यांना दादासाहेब फाळके पुरस्काराने गौरविण्यात आले.