कळसूबाईपेक्षा ठेंगणा डोंगर बर्फात इतका धोकादायक का होतो?

उंची ९५० मीटर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे. तरीही इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या हेल्वेलिन या डोंगरावर हिवाळ्यात रोज एक माणूस बर्फ कसा आहे हे बघायला चढून जातो आणि त्याचा त्याला पगार मिळतो. हो, अशी नोकरी खरंच आहे!

या माणसाला 'फेल टॉप असेसर' म्हणतात. साधारण डिसेंबरपासून ईस्टरपर्यंत हे लोक पाळीपाळीने माथा गाठतात आणि तिथलं तापमान, वारा आणि बर्फाची अवस्था 'वेदरलाइन' या सेवेवर कळवतात. हवामानाचा अंदाज असताना याची गरज काय?

आधी, स्क्रॅम्बलिंग म्हणजे काय?

चालणं आणि क्लाइंबिंग यांच्या मधला प्रकार. हात वापरावे लागतात, पण सोप्या वाटांवर दोर सहसा नसतो. सह्याद्रीतले सोपे कातळटप्पे आठवा. ब्रिटनमध्ये याच्या १ ते ३ अशा श्रेणी आहेत. हेल्वेलिनची प्रसिद्ध धार, 'स्ट्रायडिंग एज', श्रेणी १ मध्ये, म्हणजे सगळ्यात सोपी. कोरड्या दिवशी तिथे गर्दी असते.

पण ही श्रेणी कोरड्या खडकाची आहे. बर्फ पडला की तोच रस्ता हिवाळी गिर्यारोहणात मोडतो.

बर्फ तर बर्फच, त्यात फरक काय?

खरी गोम इथेच आहे. ताजा, भुसभुशीत बर्फ खडकातल्या खाचा झाकतो, पण वजन पेलत नाही. वितळून पुन्हा गोठलेल्या पाण्याचा खडकावर काचेसारखा पातळ थर बसतो आणि त्यात क्रॅम्पॉनचे दातही नीट रुतत नाहीत. जुना, घट्ट बर्फ चढायला उत्तम, पण त्यावर घसरलात आणि आइस अ‍ॅक्सने स्वतःला लगेच थांबवता आलं नाही, तर वेग वाढतच जातो. शिवाय वारा बर्फ उडवून आडोशाच्या उतारावर साठवतो. तिथे हिमस्खलनाची भीती.

हे सगळं एकाच दिवशी, एकाच धारेवर भेटू शकतं. उंचीनुसार तापमान हजार मीटरला सुमारे साडेसहा अंशांनी उतरतं. त्यामुळे पायथ्याच्या ग्लेनरिडिंग गावात ४ अंश आणि पाऊस असला, तरी माथ्यावर शून्याखाली असू शकतं. अंदाज तापमान सांगतो. पायाखाली काय आहे, ते कुणीतरी जाऊनच बघावं लागतं.

मग अडकायला होतं कुठे?

फोटोत दिसते ती अरुंद धार, पण ती संपल्यावर माथ्याकडे जाणारा तीव्र उतार उरतो. हिवाळ्यात तिथे घट्ट बर्फ आणि वर कधीकधी कॉर्निस, म्हणजे कड्याबाहेर आलेला बर्फाचा छज्जा. तिथून माघार घ्यायची, तर अख्खी धार पुन्हा पार करा. वर पोहोचलात तरी नेहमीची उतराई 'स्विरल एज'वरून, आणि तिचा माथ्याजवळचा भाग अपघातांसाठी कुप्रसिद्ध आहे. डिसेंबरअखेर तिथे चारच्या आत सूर्य मावळतो, हेही हिशेबात धरा.

म्हणून निर्णय धारेवर नाही, तिच्या आधी 'होल-इन-द-वॉल' या ठिकाणी घ्यायचा. तिथून रेड टार्न तळं आणि माथ्याखालचा उतार समोर दिसतो. ढगात तोच दिसत नसेल, तर माझ्या मते परत फिरायला तेवढं कारण पुरे.

सोबत आइस अ‍ॅक्स आणि क्रॅम्पॉन हवेतच. अ‍ॅक्स सॅकला नाही, हातात. बुटांवर चढवायचे छोटे मायक्रोस्पाइक्स सपाट वाटेसाठी ठीक, इथे नाहीत.

अडकलात तर?

९९९ ला फोन करून आधी पोलीस आणि मग 'माउंटन रेस्क्यू' मागायचं. येणारे लोक स्वयंसेवक असतात आणि ढगात हेलिकॉप्टरला जवळ येता येईलच असं नाही. फोनला रेंज नसेल तर शिट्टी किंवा टॉर्च: मिनिटात सहा वेळा, मग मिनिटभर थांबून पुन्हा. उत्तरादाखल तीन शिट्ट्या आल्या, तरी तुमच्या शिट्ट्या सुरूच ठेवा. शोधणारे आवाजाच्या मागावरच येत असतात.