मानमोडीच्या साथीतील शांतिनिकेतन : एका निवासी कलाशाळेच्या आरंभकाळाचा विचार

प्रस्तावना

इ. स. १९१८ च्या जून महिन्यात मुंबई बंदरातून शिरलेल्या इन्फ्लुएन्झाने त्या वर्षाच्या पावसाळ्यानंतर हिंदुस्थानात जो संहार केला, त्याची आठवण महाराष्ट्रात 'मानमोडीची साथ' या नावाने दीर्घकाळ टिकून राहिली. मृतांची संख्या अभ्यासकांनी साधारणतः सव्वा कोटी ते पावणेदोन कोटी या दरम्यान मानली आहे. नियमित जनगणना सुरू झाल्यापासून देशाची लोकसंख्या घटल्याची नोंद १९११ ते १९२१ या एकाच दशकात आढळते. याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबर १९१८ मध्ये, पौष उत्सवाच्या निमित्ताने बोलपूरजवळच्या शांतिनिकेतनात रवींद्रनाथ टागोरांनी विश्वभारतीची पायाभरणी केली आणि पुढील वर्षी तेथे कलाभवन उभे राहिले. या दोन घटनांची नोंद सहसा वेगवेगळ्या ग्रंथांत होते. साथ वैद्यकाच्या इतिहासात जाते आणि कलाभवन कलेच्या. प्रस्तुत लेखात त्यांचा एकत्रित विचार करण्याचा प्रयत्न आहे.

आश्रम आणि साथ : १९०४ चा पूर्वानुभव

शांतिनिकेतनची शाळा २२ डिसेंबर १९०१ रोजी अवघ्या मूठभर विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. शिक्षक आणि विद्यार्थी यांनी एकत्र राहावे, निसर्गाच्या सान्निध्यात जगावे आणि त्या जगण्यातूनच शिक्षण व्हावे, ही तिची मूळ कल्पना होती. अशा संस्थेत वसतिगृह ही केवळ सोय नसते, ते शिक्षणाचेच अंग असते. त्यामुळे साथ आली म्हणजे इतर शाळांपुढे उभा राहतो त्याहून कठीण प्रश्न अशा संस्थेपुढे उभा राहतो.

हा प्रश्न शांतिनिकेतनपुढे फार लवकर आला. १९०४ च्या आरंभी सतीशचंद्र राय हे तरुण कवी-शिक्षक आश्रमातच देवीच्या रोगाने मरण पावले. त्यानंतर काही महिन्यांसाठी सगळी शाळाच पद्मेकाठच्या शिलाईदह येथे हलविण्यात आली. विद्यार्थ्यांना घरी पाठविण्याऐवजी एकत्र जीवनच उचलून दुसरीकडे नेण्याचा हा निर्णय होता. शाळा लहान होती आणि शिलाईदहला टागोर घराण्याची जमीनदारी होती, म्हणून ते शक्य झाले, हेही विसरता कामा नये.

रवींद्रनाथांना साथीची आणि रोगाची ओळख घरातूनच होती. पत्नी मृणालिनीदेवी १९०२ मध्ये गेल्या, कन्या रेणुका १९०३ मध्ये क्षयाने गेली, धाकटा पुत्र शमींद्रनाथ १९०७ मध्ये मुंगेर येथे पटकीने गेला आणि थोरली कन्या माधुरीलता १९१८ च्या मे महिन्यात क्षयानेच गेली. म्हणजे मानमोडी बंगालमध्ये पोहोचली तेव्हा या शेवटच्या मृत्यूस काही महिनेच लोटले होते.

१९१८-१९ चा हिवाळा

साथीच्या काळातील आश्रमजीवनाविषयीचा सर्वांत मोलाचा पुरावा म्हणजे रवींद्रनाथांनी आपले स्नेही, शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांना १९१९ च्या आरंभी लिहिलेले पत्र होय. त्यातील आशय असा : सून प्रतिमादेवी कठीण अशा न्यूमोनियातून नुकत्याच सावरू लागल्या आहेत, घराण्यातील हेमलतादेवी बऱ्या होत आल्या आहेत, पण सुकेशीदेवींची प्रकृती काळजी करण्यासारखी आहे, मुलांपैकी मात्र एकालाही इन्फ्लुएन्झा झालेला नाही. याचे श्रेय ते मुलांना नियमाने पाजल्या जाणाऱ्या 'पंचतिक्त' काढ्याला देतात. आश्रमात सुमारे दोनशे माणसे असूनही रुग्णालय बहुधा रिकामेच असते, आणि असे पूर्वी कधी घडले नव्हते, असेही ते नमूद करतात. कडुनिंब, गुळवेल यांसारख्या कडू वनस्पतींचा हा काढा होता. ज्या घरांत माणसे आजारी होती किंवा दगावली होती, अशा घरांतूनही काही मुले आश्रमात परतली होती, हे लक्षात घेता त्यांचे समाधान समजण्यासारखे आहे.

अलीकडे, विशेषतः २०२० नंतर, या पत्राचा उल्लेख काढ्याच्या गुणाचा दाखला म्हणून पुष्कळदा झाला. प्रस्तुत लेखकास हा निष्कर्ष घाईचा वाटतो. त्या साथीत बंगालमधील मृत्युदर मुंबई इलाखा किंवा मध्य प्रांत यांच्या मानाने पुष्कळच कमी होता. आश्रमातील वर्ग झाडांखाली भरत, मुले आपापली आसने घेऊन मोकळ्या हवेत बसत, प्रार्थना उघड्यावर होई, वस्ती विरळ होती. काढा न घेणाऱ्या मुलांचा दुसरा गट तुलनेसाठी नव्हताच. काढ्याने अपाय झाला नाही, एवढेच या पत्रावरून निश्चयाने म्हणता येते. स्वतः रवींद्रनाथांनीही हे विधान शास्त्रज्ञाला लिहिलेल्या खासगी पत्रात, आपला विश्वास म्हणून केले आहे. त्याला सिद्धान्ताचे रूप नंतरच्या लोकांनी दिले.

काढ्याकडे सर्वांचे लक्ष गेल्यामुळे पत्रातील दुसरी गोष्ट मात्र दुर्लक्षित राहिली. निरोगी आहेत ती मुले आणि नावानिशी आजारी म्हणून येतात त्या तिन्ही स्त्रिया. सुकेशीदेवी या दुखण्यातून उठल्या नाहीत. हेमलतादेवी आश्रमातील मुलांना आईच्या ठिकाणी होत्या. मुले त्यांना 'बडोमा' म्हणत. १९१८ च्या साथीत हिंदुस्थानात पुरुषांपेक्षा स्त्रिया अधिक संख्येने मेल्या, हे लोकसंख्येच्या अभ्यासकांनी दाखवून दिले आहे; रुग्णशुश्रूषेचा भार आणि अपुरे पोषण ही त्याची कारणे मानली जातात. टागोर घराण्यात अन्नाची वाण नव्हती. तरीही निवासी शाळेचे जीवन ज्या गृहव्यवस्थेवर उभे असते, तिच्यातील माणसांचा हिशेब 'विद्यार्थी सुरक्षित' या नोंदीत येत नाही, असे हे पत्र वाचताना जाणवते. आपल्या महाविद्यालयांच्या वसतिगृहांचे वृत्तान्त लिहितानाही स्वयंपाकघर आणि सफाई यांची माणसे अशीच नोंदीबाहेर राहतात.

या संदर्भात १९१५ चा एक प्रसंग आठवतो. त्या वर्षी गांधीजींच्या फिनिक्स आश्रमातील मंडळी शांतिनिकेतनात राहत होती आणि साताऱ्यात जन्मलेले काका कालेलकरही तेथेच होते. गांधीजींच्या सूचनेवरून १० मार्चपासून विद्यार्थी व शिक्षक यांनी स्वयंपाक, भांडी आणि स्वच्छता स्वतः करण्याचा प्रयोग आरंभिला. रवींद्रनाथांनी त्याला संमती दिली. प्रयोग फार दिवस चालला नाही; पुढे १० मार्च हा दिवस 'गांधी पुण्याह' म्हणून, नोकरांना सुट्टी देऊन, पाळला जाऊ लागला. वर्षातून एक दिवस. साथीच्या हिवाळ्यात तो प्रयोग चालू असता तर पत्रातील आजाऱ्यांची यादी वेगळी असती काय, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

साथीचा आघात आश्रमाबाहेरही झाला. शांतिनिकेतनचे पूर्वीचे शिक्षक आणि रवींद्र-साहित्याचे मर्मज्ञ समीक्षक अजितकुमार चक्रवर्ती १९१८ च्या डिसेंबरअखेर इन्फ्लुएन्झाने वारले. वय अवघे बत्तीस. पायाभरणीच्या समारंभानंतर जेमतेम आठवडा झाला होता.

कलाभवन

१९१९ च्या जुलैमध्ये विश्वभारतीचे अध्यापन सुरू झाले. असितकुमार हालदार यांनी कलाभवनाची आरंभीची धुरा वाहिली. पुढे नंदलाल बोस आले आणि १९५१ पर्यंत त्यांनी ही संस्था घडविली. परीक्षा आणि पदव्या यांना तेथे प्रारंभी महत्त्व नव्हते. गुरू आणि शिष्य एकाच खोलीत बसून आपापले काम करीत. संथाळ वस्त्या, खोवाईची तांबडी माती, ऋतूंचे उत्सव हेच विषय होते. आश्रमशाळेत १९१७ मध्ये दाखल झालेले आणि लहानपणापासून अतिशय अधू दृष्टीचे असलेले बिनोदबिहारी मुखर्जी या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी होत. साथीच्या हिवाळ्यातील शाळकरी मुलांच्या पिढीतून नव्या कलाशाळेला असे विद्यार्थी मिळाले. कोल्हापूरचे विनायक मासोजी थोड्याच काळाने तेथे गेले, विद्यार्थी म्हणून शिकले आणि पुढे शिक्षक झाले. संगीताच्या बाजूस पंडित भीमराव शास्त्री हे महाराष्ट्रीय गायक होतेच.

साथीच्या वर्षी ही शाळा काढण्यात काही अलौकिक धैर्य होते, असे चित्र रंगविण्याचा मोह टाळावा. विश्वभारतीचा विचार साथीपूर्वीचा होता, आणि तो पुढे ढकलावा असे वाटण्याइतकी साथ आश्रमातील मुलांपर्यंत पोहोचली नव्हती. दिनक्रम मोडला नाही, म्हणून समारंभही मोडला नाही, इतकेच.

२०२०

शंभर वर्षांनी कोविडच्या वेळी उत्तर वेगळे मिळाले. २०२० च्या मार्चमध्ये विश्वभारतीचा वसंतोत्सव रद्द झाला, पाठोपाठ देशातील सर्वच विद्यापीठांप्रमाणे तेथील अध्यापन थांबले, वसतिगृहे रिकामी झाली आणि त्या वर्षीचा पौष मेळाही भरला नाही. काही हजार विद्यार्थ्यांची संस्था शिलाईदहला हलविता येत नाही, हे उघड आहे. परंतु व्याख्यान दूरस्थ पद्धतीने देता येते; शिल्पाचा दगड, मुद्रणाचे यंत्र आणि मातीची भट्टी विद्यार्थ्याबरोबर घरी जात नाही. शेजारी बसून दुसऱ्याचा हात पाहणे, ही जी नंदलालांची पद्धत, तीही पडद्यावर उतरत नाही. त्या दोन वर्षांत प्रस्तुत लेखकाच्या परिचयाच्या चित्रकलेच्या विद्यार्थ्यांनी घराच्या गच्चीवर, शेतात, गोठ्याच्या भिंतीवर काम केले. त्यातील काही उत्तम होते. ते एकट्याने केलेले होते.

१९१९ च्या त्या हिवाळ्यातून बऱ्या झालेल्या प्रतिमादेवींनी पुढे विश्वभारतीच्या हस्तकलांच्या कामात आणि रवींद्रनाथांच्या नृत्यनाट्यांच्या वेशभूषेत मोठा वाटा उचलला. त्यांच्या त्या कार्याची नोंद आता कलेतिहासात होऊ लागली आहे.